पाटी नसलेलं गॅरेज, इंदूर – आमच्या हेराल्डचा अकरा महिन्यांचा मुक्काम

आधीच सांगते, ह्या गॅरेजला नाव नाही, पाटी नाही, नकाशावर शोधलं तर सापडणार नाही. जुनी इंदूरकडून छावणीकडे येताना ज्या आडव्या गल्ल्या लागतात त्यातल्या एकीत हिरवं लोखंडी गेट आहे आणि गेटबाहेर कायम एखादी अर्धी उघडलेली अँबेसिडर उभी असते, तीच खूण. आमची ६७ सालची स्टँडर्ड हेराल्ड मी तिथे दिवाळी झाल्यावर दिली आणि घरी आली ती पुढच्या नवरात्रात. म्हणजे अकरा महिने, आणि गॅरेजवाले उस्ताद बोलले होते चार. तरी मी हे सगळं चांगलंच लिहिणार आहे, कारण घरात जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल किंवा रस्त्यात एखादी जुनी गोल पाठीची डुक्कर फियाट दिसली की पाय आपोआप थांबत असतील तर ह्या गेटच्या आत एकदा तरी जाच असं मला मनापासून वाटतं.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. रामबागेतला आमचा वाडा, आबा वकील, कोर्टात जायला गाडी. त्या काळात गाडी म्हणजे तीनच पर्याय, अँबेसिडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड, आणि नंबर लावून वाट बघत बसायचं. आजी सांगायची की हेराल्ड घेतली कारण ती बोळात वळायची. हे नुसतं कौतुक नव्हतं बरं का, हेराल्डचं टर्निंग सर्कल २५ फूट आहे, आजच्या कितीतरी छोट्या गाड्यांना एवढ्या जागेत फिरता येत नाही, पुढची चाकं इतकी आडवी होतात की बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीतरी तुटलं. आबा वाड्याच्या बोळातून एका झटक्यात बाहेर पडायचे आणि शेजारच्यांची अँबेसिडर तीनदा पुढेमागे करायची. आबा ९४ साली गेले आणि गाडी पडवीत उभी राहिली. बाबांनी काही वर्षं महिन्यातून एकदा हँडल मारून चालू ठेवली, मग तेही बंद पडलं. पुण्याहून दादा म्हणाला देऊन टाकू, भंगारवाला वजनावर घेईल. आईने काहीच म्हटलं नाही, फक्त गाडीवरची ताडपत्री काढून धुतली आणि परत घातली. तेव्हाच मी ठरवलं.

ह्या गॅरेजच्या आधी मी गाडी शहरातल्याच एका दुसऱ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली होती, नाव लिहीत नाही. तिथे मला सरळ सांगण्यात आलं की हे इंजिन विसरा, मारुतीचं बसवून देतो, एसी पण बसेल. मी नाही म्हटलं तर दीड महिना गाडी ठेवून फक्त पत्र्याचं काम केलं आणि चाळीस हजार घेतले. घरी आल्यावर पावसाळ्यात दाराखालच्या पट्टीला फुगे आले, बोटाने दाबलं तर आत पत्राच नाही, गंजावर थेट पुट्टी भरून वर रंग मारलेला. मला पैशांपेक्षा ह्याचं वाईट वाटलं की आबा ज्या गाडीला दर रविवारी स्वतः पुसायचे तिला कोणीतरी आतून सडत असताना वरून पावडर लावून दिली.

मग एका ओळखीच्यांनी ह्या उस्तादांचं सांगितलं. वय सत्तरीच्या पुढे असेल, त्यांचे वडील पण हेच काम करायचे, हाताखाली दोन पोरं. गाडी टोचन करून नेली. उस्तादांनी नाव विचारलं नाही, मॉडेल विचारलं नाही, दोन्ही बाजूचे हुक काढले आणि अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला उलटं केलं. हेराल्डचं बॉनेट मडगार्ड-हेडलाइटसकट एकच तुकडा असतं, सगळा चेहराच पुढे झुकतो आणि आतलं इंजिन समोरून आणि दोन्ही बाजूंनी मोकळं. मग ते पुढच्या टायरवर बसले, अगदी स्टुलावर बसावं तसे, आणि म्हणाले, "बेटा, इस गाड़ी में मेकॅनिक की कमर नहीं दुखती, जिसने बनाई उसने सोच के बनाई." डिझाइन इटलीच्या जिओव्हानी मिकेलॉटीचं आहे, इंग्लंडमध्ये ट्रायम्फ नावाने विकली जायची, आपल्याकडे मद्रासला स्टँडर्डच्या कारखान्यात बनायची, ६१ पासून. हे सगळं मी वाचून गेले होते, उस्तादांना ते हाताने माहीत होतं.

आता एक गोष्ट जरा खोलात सांगते, कारण त्यावरूनच मला कळलं की गाडी योग्य हातात आहे. हेराल्डच्या पुढच्या चाकांच्या खाली पितळेसारखा एक आटे असलेला सांधा असतो, ट्रनियन म्हणतात, स्टिअरिंग फिरवलं की चाकाचा उभा दांडा त्याच्या आट्यात फिरतो. आपल्याकडे सवय काय, निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, दिसलं की ग्रीसची गन लावायची. पण इथे ग्रीस चालत नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं, कारण घट्ट ग्रीस आट्यांच्या आतपर्यंत पोचत नाही, तिथे कोरडं राहतं, पाणी शिरतं, गंज धरतो आणि एक दिवस चालता चालता दांडा तुटून चाक आडवं होतं. उस्तादांच्या पोराने गन उचलली तर त्यांनी तिथल्या तिथे त्याचा हात धरला आणि तेलाची जुनी पिचकारी आणायला लावली. मग आमचे दोन्ही सांधे खोलून दाखवले, आबांच्या काळानंतर कोणीतरी ग्रीसच भरलं होतं, वाळून मेणासारखं झालेलं, आणि उजव्या बाजूच्या दांड्यावर नखाने लागेल अशी चीर होती. ती चीर मी स्वतः बोटाने बघितली. त्याच गाडीतून आम्ही सातजण ओंकारेश्वरला जायचो.

दांडा इंग्लंडहून मागवावा लागला. चांगली गोष्ट ही की ट्रायम्फचे पार्ट तिकडे आजही नवे बनतात, वाईट गोष्ट ही की कुरिअर आणि कस्टम मिळून पार्टाच्या किमतीला मागे टाकतात. इंजिन मात्र इथेच झालं. ९४८ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास फक्त ६३ एमएम, एवढासा पिस्टन हातात घेतला तर चहाच्या कपासारखा वाटतो. बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन, नवीन रिंगा, हेडला कडक व्हॉल्व्ह सीट. सीट का, तर हे इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलच्या जमान्यातलं, ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला गादीसारखं काम करायचं, २००० साली आपल्याकडे ते पेट्रोल बंद झालं, तेव्हा मऊ सीटवर व्हॉल्व्ह आपटून आपटून बैठक झिजते. पेट्रोलच्या बाबतीत आणखी एक ऐकून ठेवा, आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं येतं आणि जुने रबरी पाइप, पंपातला पडदा ह्याने फुगतात, चिकट होतात. उस्तादांनी आमचा जुना पडदा हातावर ठेवला, दुमडला तर बिस्किटासारखा तुटला. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळी नळी नवीन, इथेनॉल सहन करणाऱ्या रबराची. तुमच्याकडे फियाट असो अँबेसिडर असो, दुसरं काही नाही केलं तरी एवढं करून घ्या, पेट्रोल ठिबकून गरम इंजिनवर पडलं तर गाडी जळायला वेळ लागत नाही.

पाने सगळे सुताचे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत. हेराल्डला इंचातले नट आहेत आणि तिथे एमएमचा पाना लावला की कोपरे झिजून नट गोल होतो, आधीच्या वर्कशॉपने अकरा नट असे गोल केले होते, उस्तादांनी मोजून एका डबीत ठेवलेले मला दाखवले. रागाने नाही, दुखलेल्या माणसासारखे दाखवले.

आता आवार. खरं तर मी निम्म्या वेळा कामाची चौकशी म्हणून जायचे ती आवारासाठीच जायचे. गेटमधून आत गेलं की डाव्या हाताला पहिली उभी आहे सिपानी डॉल्फिन. किती जणांनी बघितलीय सांगा, बंगलोरला बनायची, ८२ च्या सुमारास आली, अख्खी बॉडी फायबरची, ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून घेतलेली, इंजिन ८४८ सीसी ॲल्युमिनियमचं. वर्षभरात मारुती ८०० आली आणि हिचं सगळं संपलं. माझ्या शाळेत एका मुलीचे बाबा डॉल्फिनमधून सोडायला यायचे आणि आम्ही टकटक करून दाराचा आवाज ऐकायचो, पत्र्यासारखा वाजायचा नाही, प्लॅस्टिकच्या बादलीसारखा वाजायचा. आवारातल्या डॉल्फिनवर मी पहिल्याच दिवशी टकटक केली. तोच आवाज, चाळीस वर्षांनी.

तिच्या मागे स्टँडर्ड २०००. ही गाडी बघून मला नेहमी वाईट वाटतं. अंग रोव्हर एसडी१ चं, ती युरोपात ७७ सालची कार ऑफ द इयर होती, दिसायला अजूनही देखणी, पण ८५ मध्ये आपल्याकडे आणली तेव्हा आत बसवलं ते व्हॅनगार्ड ह्या स्टँडर्डच्या जुन्या गाडीच्या जमान्यातलं दोन लिटरचं इंजिन. किंमत श्रीमंतांची, पिकअप टेम्पोचा. तीन वर्षांत बंद. हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाची पण सुरुवात अशीच झाली होती, एवढ्या मोठ्या अंगाला अँबेसिडरचं १४८९ सीसी इंजिन, पण तिचं नशीब थोरलं, नंतर तिला इसुझूचं १८०० मिळालं. आणि हे इंदूरच्या लोकांना तरी माहीत असावं, ती इसुझू इंजिनं हिंदुस्तान मोटर्सच्या पिथमपूरच्या कारखान्यात बनायची, आपल्या घरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. आमच्या ओळखीतले दोघे-तिघे काका कंपनीच्या बसने रोज तिकडे जायचे.

मग दोन डुक्कर फियाट. नवीन पोरांसाठी सांगते, पद्मिनीच्या आधीची, गोल पाठीची, पुढे नाक फुगलेली ती डुक्कर फियाट, आणि सुरुवातीच्या मॉडेलांचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागरी मागच्या खांबाला, साडी नेसून उतरायला एकदम सोपं. माझी मावशी अशाच एका फियाटीतून सासरी गेली. आणि सगळ्यात आत, भिंतीला टेकून, एक लँडमास्टर. लांबून लोक तिला अँबेसिडरच म्हणतात. फरक बघायचा तर बॉनेट बघा, अँबेसिडरच्या बॉनेटवर उभ्या पन्हाळी आहेत, लँडमास्टरचं गुळगुळीत, आणि मागची बाजू गोल उतरलेली, अँबेसिडरसारखे शेपटीचे कोपरे नाहीत. ५४ च्या सुमाराची ही गाडी, आत साइड व्हॉल्व्ह इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या बाजूला. मी ती ओळखली तेव्हा उस्ताद पहिल्यांदा माझ्याकडे वळून हसले, आणि त्या दिवसापासून चहा माझ्यासाठी न विचारता यायला लागला.

इंदूरला गाड्यांचं वेड नवं नाही. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे ह्यांची अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजे, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली, नारिंगी आणि काळी, जुन्या गाड्यांच्या जगात तिच्याबरोबर आजही इंदूरचं नाव घेतलं जातं. अभिमान आहेच. पण माझा जीव खरा अडकतो तो वकिलांच्या, मास्तरांच्या, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांच्या गाड्यांत, ज्यांचे फोटो कुठल्या पुस्तकात येत नाहीत, लग्नाच्या अल्बममध्ये मागे अर्ध्या दिसतात फक्त. राजमहालातल्या गाड्या जपणारे लोक जगभर आहेत. डॉल्फिन कोण जपणार? ह्या गेटच्या आत ती उभी आहे, छतावर पत्रा टाकलाय, चाकांखाली विटा दिल्यात, आणि उस्ताद म्हणतात मालक येईल तेव्हा येईल.

रंगाची गोष्ट राहिली. आमची गाडी माझ्या आठवणीत पांढरी होती. रंग कुठला करायचा विचारलं तर मी पांढरा म्हटलं. उस्ताद काही बोलले नाहीत, डाव्या दाराचं रबर ओढून काढलं आणि त्याच्या आतल्या कडेवर वॉटर पेपर पाण्यात बुडवून अगदी हलक्या हाताने गोल गोल फिरवायला लागले. आधी त्या वर्कशॉपचा चकचकीत पांढरा गेला, त्याखाली पिवळट पांढरा, तो माझ्या लहानपणीचा, त्याखाली राखाडी प्रायमर, आणि त्याच्याखाली रुपयाएवढ्या गोलात एक फिकट निळा-हिरवा रंग, खाण्याच्या पानाची मागची बाजू असते ना, तसा. मी फोटो काढून आईला पाठवला. आईचा लगेच फोन. म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा हाच रंग होता, तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी आबांनी बदलून घेतला, मी विसरूनच गेले होते गं. तोच रंग केला. डबा मिसळताना उस्तादांनी तीन वेळा त्या रुपयाएवढ्या तुकड्याजवळ नेऊन उन्हात ताडून बघितला, दुकानातल्या कॉम्प्युटरने काढलेला शेड त्यांना पटला नाही.

आता तक्रारी, कारण त्या पण खऱ्या आहेत. तारखेवर अजिबात विश्वास ठेवू नका, पुढच्या जुम्म्याला म्हटलं तर पुढचा महिना समजा. फोन उचलत नाहीत. बिल छापील मिळत नाही, एका जुन्या डायरीत पेन्सिलने हिशोब असतो, हिशोब मात्र चोख, जुना काढलेला प्रत्येक पार्ट पोत्यात भरून परत देतात. क्रोमचं काम बाहेर दुसऱ्याकडे देतात आणि ते मला आवडलं नाही, पुढच्या बंपरवर सहा महिन्यांत बारीक ठिपके आले, हे उस्तादांना सांगितलं तर त्यांनी मान्य केलं आणि त्या कामाचे पैसे परत दिले, मी नको म्हणत असताना दिले. ॲडव्हान्स फार मागत नाहीत पण पार्टचे पैसे आधी लागतात. आमचा सगळा खर्च इंजिन, पत्रा, रंग, वायरिंग, शिवणकाम मिळून दोन लाख नव्वद हजार झाला, परदेशातले पार्ट वेगळे. कमी नाही हे. दादाने अर्धे दिले, न मागता.

कागदांचं पण सांगते कारण सगळे विचारतात. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी २० हजार, दहा वर्षांसाठी, नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात राज्यानंतर व्हीए ही अक्षरं येतात. अट ही की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले नकोत, आणि रोजच्या वापराला ती चालवायची नाही. म्हणजे बघा, त्या वर्कशॉपचं ऐकून मारुतीचं इंजिन बसवलं असतं तर इथेच दार बंद झालं असतं. आमच्या गाडीचे जुने कागद धड होते, एमपीने सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबर, त्यावर मी वेगळं लिहीन, आरटीओच्या फेऱ्या हा स्वतंत्र विषय आहे.

पहिली लांब चक्कर राऊवरून महूपर्यंत मारली. आई पुढे, मी चालवत, उस्ताद मागे, त्यांनीच हट्ट धरला होता की पहिले पन्नास किलोमीटर मी कानाने ऐकणार. वळणावर जोरात घालू नको असं दोनदा बजावलं, हेराल्डला मागे स्प्रिंगचा आडवा एकच पाटा असतो आणि दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात, जोरात वळलं की मागचं चाक आत दुमडतं, गेझेल ह्या हेराल्डनंतरच्या गाडीत कंपनीने हे बदलून साधा एक्सल दिला होता. पन्नास-साठच्या स्पीडला गाडी अशी काही चालते की काय सांगू, मशीनचा टिकटिक आवाज आणि काचेतून येणारा वारा. महूला पोहे खायला थांबलो तर एक आजोबा सायकल स्टँडला न लावता तशीच सोडून आले, बॉनेटभोवती फिरले आणि आईला विचारलं, "ताई, दोन दरवाज्यांची आहे म्हणजे मार्क थ्रीच्या आधीची ना?" मराठीत. चार दरवाज्यांची हेराल्ड, म्हणजे मार्क थ्री, फक्त आपल्याकडेच बनली, नंतरच्या वर्षांत, हे त्यांना माहीत होतं. आईने पोह्यांची प्लेट हातात धरूनच त्यांना सगळी गाडी दाखवली, डिकी उघडून स्टेपनीसुद्धा, आणि मागे उस्ताद टायरवर बसायला जागा नाही म्हणून बॉनेट न उघडता उभे, पण कान इंजिनकडेच.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारी ते घरी जातात, शुक्रवारी बंद. गाडी घेऊन जाणार असाल तर तिचा जुना एखादा फोटो बरोबर न्या, ते आधी फोटो बघतात मग गाडी. नुसतं बघायला जाणार असाल तरी चालतं, फक्त विचारून आत जा आणि डॉल्फिनला टेकू नका, तिच्या उजव्या दाराची काच मूळची आहे आणि दुसरी मिळत नाही.